चूकभूल द्यावी घ्यावी

दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे जरा वेगळे काम आले. जन्मकुंडली मांडणाऱ्या एका सॉफ्टवेअरमधला सगळा मजकूर मराठीत करायचा होता. मजकूर म्हणजे सलग वाक्ये नव्हेत. बटणांवरचे शब्द, पर्यायांच्या याद्या, तक्त्यांचे मथळे. कादंबऱ्यांच्या अनुवादात महिनोन्महिने अडकून पडणाऱ्या मला हे सुट्टीसारखे वाटले. शिवाय मूळ यादीतले निम्मे शब्द रोमन लिपीत लिहिलेले संस्कृतच होते. 'डी-९' दिसले की नवमांश लिहायचे, 'डी-६०' दिसले की षष्ट्यंश. आठवडाभरात उरकेल, असा माझा अंदाज होता. तीन महिने लागले.

पडताळणीसाठी मी आईचा जन्म घातला. डिसेंबर १९४८, महिन्याचा मध्य, मुंबई, गिरगाव. वेळ घरात सगळ्यांना पाठ होती : दुपारचे पावणेबारा. क्षणात सोळा कुंडल्या पडद्यावर उमटल्या. आजोबांनी करून घेतलेली पत्रिका कपाटात होती, तांबड्या शाईच्या चौकटींची. ती काढून शेजारी ठेवली. राशिकुंडली घर न घर जुळली, लग्न कुंभ. नवमांश कुंडली मात्र जुळेना. ग्रह आपापल्या राशींतच होते, पण लग्न तीन राशी सरकलेले, आणि लग्न सरकले म्हणजे प्रत्येक ग्रहाचे घर बदलले. आईला सांगितले तर ती म्हणाली, "माझं लग्न होऊन पन्नास वर्षं झाली, आता कुठे सरकवतेस?"

माझा फलज्योतिषावर विश्वास नाही. तरीही दोन कागद एकाच जन्माबद्दल वेगळे का बोलतात, हा प्रश्न भाषांतरकाराला सोडवत नाही. एका मूळ संहितेची दोन भाषांतरे जुळली नाहीत की आम्ही आधी मूळ शोधतो. इथे मूळ काय, हे शोधू लागले आणि आठवड्याचे काम लांबले.

आधी वर्गकुंडली म्हणजे काय ते सांगते. रास तीस अंशांची. तिचे ठरावीक भाग पाडायचे आणि प्रत्येक भागाला पुन्हा एकेक रास नेमून द्यायची. जन्मवेळी ग्रह ज्या भागात असेल त्या भागाच्या राशीत त्याला बसवले की नवी कुंडली तयार होते. दोन भाग म्हणजे होरा, तीन म्हणजे द्रेष्काण, नऊ म्हणजे नवमांश, दहा म्हणजे दशमांश, बारा म्हणजे द्वादशांश, असे करत साठ भागांच्या षष्ट्यंशापर्यंत जायचे. बृहत्पाराशर होराशास्त्रात असे सोळा वर्ग सांगितले आहेत. विवाहासाठी नवमांश पाहावा, संततीसाठी सप्तमांश, कर्मासाठी दशमांश, आईवडिलांसाठी द्वादशांश, अशी त्यांची वाटणीही आहे.

यांतला नवमांश घराघरांत पोचलेला. त्याचे गणित सोपे आहे. एक नवमांश ३ अंश २० कलांचा, म्हणजे २०० कलांचा. मेषारंभापासून ग्रहाचे अंतर कलांमध्ये घ्यायचे आणि २०० ने भागायचे. चंद्र वृषभेच्या १४ अंश ३० कलांवर असेल तर अंतर २,६७० कला. तेरा भाग पूर्ण होऊन चौदावा चालू. बारा वजा केले की राहिले दोन, दुसरी रास वृषभ. राशीतही वृषभ आणि नवमांशातही वृषभ, म्हणून हा चंद्र वर्गोत्तम. सॉफ्टवेअर नेमके हेच करते, फक्त निमिषात करते. अख्ख्या राशिचक्रात असे १०८ नवमांश होतात. सत्तावीस नक्षत्रांचे प्रत्येकी चार चरणही १०८ च. नवमांश आणि चरण एकच आहेत. बारशाच्या आधी गुरुजी 'वा' किंवा 'वी' अक्षर सांगतात, तेव्हा ते चंद्राचा नवमांशच सांगत असतात. आपल्यापैकी अनेकांच्या पाळण्यातल्या नावात एक वर्गकुंडली लपलेली आहे.

या १०८ मध्ये मोठा इतिहास आहे. वेदांग ज्योतिषात नक्षत्रे आहेत, पण मेष-वृषभादी राशींवर उभारलेले जातक तिथे नाही. बारा राशींचे चक्र बाबिलोनमध्ये तयार झाले आणि ग्रीक ज्योतिषाच्या हातून इकडे आले. आपल्याकडे चंद्राच्या वाटेची सत्तावीस नक्षत्रे आधीपासून होती. बारा आणि सत्तावीस यांचा मेळ घालायचा तर दोघांनाही पुरून उरेल असा भाग हवा. तो ३ अंश २० कलांचा. राशीत नऊ, नक्षत्रात चार. नवमांश ही कल्पना ग्रीक ग्रंथांत सापडत नाही, ती भारतीयच मानली जाते. मला ती एखाद्या चांगल्या भाषांतरकाराने काढलेल्या तोडग्यासारखी वाटते : बाहेरून आलेली व्यवस्था मोडायची नाही आणि घरचीही टाकायची नाही. पुढे हीच कल्पना उलट दिशेने गेली. फारसीत 'नुहबहर', म्हणजे नऊ भाग, असे तिचे नाव पडले. अल् बीरूनीने १०२९ च्या सुमारास लिहिलेल्या 'किताब अल्-तफहीम'मध्ये तिची दखल आहे. लॅटिनमध्येही ती पोचली.

बाकीच्या शब्दांकडे वळले तेव्हा माझी खरी पंचाईत सुरू झाली. 'होरा' संस्कृत समजून जसाच्या तसा ठेवला होता. तो ग्रीक 'होरा', म्हणजे तास. सहाव्या शतकात उज्जयिनीच्या परिसरात वराहमिहिराने बृहज्जातक लिहिले. त्याने या शब्दाची एक उपपत्ती दिली आहे : 'अहोरात्र' मधले पहिले आणि शेवटचे अक्षर गाळले की 'होरा' उरते. चतुराई कौतुकाची आहे. पण त्याच ग्रंथाच्या सुरुवातीला तो राशींची पर्यायी नावे देतो ती अशी : क्रिय, तावुरि, जितुम, लेय, पाथोन, जूक, कौर्प्य. ग्रीक क्रिओस, तावरोस, दिदिमोइ, लेओन, पार्थेनोस, झिगोन, स्कोर्पिओस यांना संस्कृत कपडे चढवलेले. 'केंद्र' हा शब्द ग्रीक 'केंत्रोन', 'लिप्ता' म्हणजे कला हा 'लेप्तोन', आणि 'जामित्र' म्हणजे सप्तमस्थान हा 'दियामेत्रोस'. वराहमिहिराला याची लाज नव्हती. यवन म्लेच्छ असले तरी हे शास्त्र त्यांच्यात नीट वसले आहे, म्हणून त्यांचाही ऋषींसारखा मान होतो, असे जुने मत त्याने बृहत्संहितेत आदराने नोंदवले आहे. 'वैदिक ज्योतिष' ही पाटी त्याच्यानंतर फार उशिरा लागली.

'यवनजातक' हा स्फुजिध्वजाचा संस्कृत ग्रंथ या देवघेवीचा मोठा पुरावा. डेव्हिड पिंग्री यांनी १९७८ मध्ये तो संपादित करून इंग्रजीत आणला. ग्रीक ग्रंथाचे संस्कृत भाषांतर इ.स. १४९-५० मध्ये झाले आणि स्फुजिध्वजाने ते २६९-७० मध्ये पद्यात बांधले, असा त्यांचा निष्कर्ष होता. तो अनेक दशके सगळ्यांनी उचलला. २०१३ मध्ये बिल माक यांनी नव्याने उपलब्ध झालेल्या हस्तलिखिताच्या आधारे दाखवले की या सनांचा आधार पाठात पिंग्रींनी केलेल्या दुरुस्त्यांवर आहे. तो पाठ सरळ वाचला तर त्या सनी निघत नाहीत. एका संपादकाने ओळ कशी लावली यावर शतकांचा हिशेब हलतो, हे माझ्या व्यवसायातल्या माणसाला हादरवणारे आहे.

सगळ्यांत लांबचा प्रवास द्रेष्काणाचा. इजिप्तमध्ये चार हजार वर्षांपूर्वीच्या शवपेट्यांच्या झाकणांवर आतून ताऱ्यांचे तक्ते रंगवलेले आहेत. ठरावीक तारकासमूह क्रमाने उगवताना पाहून रात्रीचा वेळ मोजायची ती सोय. पुढे त्या समूहांची संख्या ३६ ठरली, राशिचक्र आल्यावर प्रत्येक राशीच्या वाट्याला तीन आले, दहा-दहा अंशांचे. ग्रीकांनी त्याला 'देकानोस' म्हटले, आपण द्रेष्काण. शब्द ठेवला, पण आतली मांडणी बदलली. ग्रीक पद्धतीत द्रेष्काणांचे स्वामी ग्रहांच्या क्रमाने लागोपाठ येतात. आपल्याकडे पहिला भाग त्याच राशीचा, दुसरा तिच्यापासून पाचवीचा, तिसरा नववीचा. बृहज्जातकात छत्तीस द्रेष्काणांची चित्रेही शब्दांत काढली आहेत. मेषेचा पहिला द्रेष्काण म्हणजे कमरेला पांढरे वस्त्र गुंडाळलेला, काळा, लाल डोळ्यांचा, परशू उगारलेला पुरुष. नवव्या शतकात अबू माशरने ही भारतीय चित्रे अरबीत घेतली, तिथून ती लॅटिनमध्ये गेली. इटलीत फेरारा गावी स्किफानोया महालाच्या भिंतींवर १४७० च्या सुमारास रंगवलेल्या महिन्यांच्या चित्रांत पांढऱ्या फाटक्या वस्त्रातला एक सावळा पुरुष उभा आहे. आबी वारबुर्ग यांनी १९१२ मध्ये त्याचा माग लावला, तो अबू माशरमार्गे वराहमिहिरापाशी येऊन पोचला. आणि मला दिलेल्या यादीत या सगळ्यासाठी एकच खूण होती : 'डी-३'.

त्रिंशांशाने तर मला फसवलेच. यादीत 'डी-३०' पाहून मी कंसात 'तीस भाग' असे स्पष्टीकरण टाकले होते. नंतर आकडे तपासले. त्रिंशांशात भाग पाचच आणि तेही असमान. विषम राशीत मंगळाचे पाच अंश, शनीचे पाच, गुरूचे आठ, बुधाचे सात, शुक्राचे पाच. सम राशीत हाच क्रम उलटा. सूर्य आणि चंद्र यांना काहीच नाही. ग्रीकांकडेही राशीचे असे पाच असमान तुकडे होते आणि त्यांतूनही सूर्य-चंद्र वगळलेले होते. नावात तीस, आत पाच. मी स्पष्टीकरण खोडले.

वराहमिहिराकडे वर्ग सहाच आहेत : राशी, होरा, द्रेष्काण, नवमांश, द्वादशांश, त्रिंशांश. सोळा येतात ते पराशराच्या नावावरच्या ग्रंथातून. वराहमिहिराचा दहाव्या शतकातला टीकाकार भटोत्पल सांगतो की पराशराचे होराशास्त्र आहे असे ऐकले आहे, पाहिलेले नाही. आज छापील मिळणाऱ्या बृहत्पाराशर होराशास्त्राच्या आवृत्त्यांत अध्यायांची संख्याही सारखी नाही. त्यामुळे होरा किंवा द्रेष्काण कसा मोजायचा यावर परंपरांमध्ये मतभेद राहिले, आणि ते सॉफ्टवेअरच्या यादीत पर्याय होऊन बसले आहेत. द्रेष्काणावर टिचकी मारली की पराशर, परिवृत्तित्रय, सोमनाथ, जगन्नाथ अशा पद्धती खाली उघडतात. एक आधीच निवडलेली असते. बहुतेक लोक ती यादी उघडतही नाहीत.

दुसरी यादी अयनांशांची. वसंतसंपातापासून मोजलेली ग्रहस्थिती निरयन करायची तर राशिचक्राचा आरंभ कुठे मानायचा, हे ठरवावे लागते. महाराष्ट्रात यावर फार मोठा वाद झाला. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास' १८९६ मध्ये मराठीत आला. वेंकटेश बापूजी केतकरांनी चित्रा तारा आधार मानून गणित मांडले. टिळक पंचांगाने रेवती योगतारा धरली. चैत्रपक्ष आणि रैवतपक्ष यांत जवळजवळ चार अंशांचा फरक पडतो. त्यापायी काही वर्षी टिळक पंचांग मानणाऱ्यांकडे गणपती महिनाभर आधी बसतात. वर्गकुंडलीत या चार अंशांचे काय होते ते पाहा. मघाचा वृषभेतला चंद्र १४ अंश ३० कलांवरून १८ अंश ३० कलांवर गेला. रास वृषभच राहिली, नक्षत्र रोहिणीच, पण नवमांश मिथुन झाला. वर्गोत्तमाचा मान गेला, आणि पाळण्यातल्या नावाचे अक्षर 'वा'चे 'वी' झाले. षष्ट्यंश अर्ध्या अंशाचा, म्हणजे तिथे चंद्र आठ भाग पुढे गेला.

सॉफ्टवेअरमध्ये आधीच निवडलेला पर्याय 'लाहिरी' हा होता. त्यामागे एक सरकारी समिती आहे. स्वतंत्र भारतासाठी एक दिनदर्शिका ठरवायला १९५२ मध्ये मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली गेली. निर्मलचंद्र लाहिरी तिचे सचिव. १९५५ च्या अहवालात समितीने २१ मार्च १९५६ चा अयनांश २३ अंश १५ कला ठरवला. सण-उत्सवांच्या तिथींमधला गोंधळ मिटावा, हा हेतू होता. साहा स्वतः फलज्योतिषाचे टीकाकार. त्यांच्या समितीने ठरवलेला आकडा आज बहुतेक कुंडल्यांच्या मुळाशी आहे. ग्रहांची स्थिती अनेक सॉफ्टवेअर 'स्विस एफेमेरिस'मधून घेतात. ते झुरिकच्या एका ज्योतिषसंस्थेने १९९७ मध्ये बाहेर आणले आणि अमेरिकेतल्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीच्या गणितावर आधारले. तेव्हा ग्रह कॅलिफोर्नियाचे, आरंभबिंदू दिल्लीचा, भाग यवनांचे आणि पराशराचे. पडद्यावर मात्र सगळे एकाच शाईत, विकलांपर्यंत अचूक उमटते.

आईच्या पत्रिकेचा उलगडा मात्र या दोन्ही याद्यांतून झाला नाही. दोन्ही कागदांत ग्रह जुळत होते, सरकले होते ते फक्त लग्न. लग्न चार मिनिटांत साधारण अंशभर पुढे जाते. नवमांश लग्न सुमारे तेरा मिनिटांत बदलते, षष्ट्यंश लग्न दोन मिनिटांत. म्हणजे घोळ वेळेत होता. जुन्या पत्रिकेत घड्याळाची वेळ नव्हतीच. तिथे लिहिले होते : सूर्योदयात् गत घटी १३, पळे २०. एक घटी चोवीस मिनिटांची, म्हणजे सूर्योदयानंतर ५ तास २० मिनिटे. मुंबईत डिसेंबरच्या मध्याला सूर्य सात वाजून तीन मिनिटांच्या आसपास उगवतो. बेरीज बारा वाजून तेवीस मिनिटे. मग घरात सगळ्यांना पाठ असलेले पावणेबारा कुठून आले?

ते मुंबईच्या घड्याळातून आले. भारतीय प्रमाणवेळ १९०६ मध्ये लागू झाली, पण मुंबईने ती मनापासून स्वीकारली नाही. प्रमाणवेळेपेक्षा एकोणचाळीस मिनिटे मागे असलेली 'मुंबई टाइम' शहरात १९५५ पर्यंत चालू राहिली. आगगाडीचे घड्याळ एक बोलायचे, महापालिकेचे दुसरे. गिरगावातल्या आमच्या बिऱ्हाडातले घड्याळ मुंबईच्या वेळेवर होते. बारा तेवीसमधून एकोणचाळीस मिनिटे वजा केली की अकरा चव्वेचाळीस. आजीचे पावणेबारा खरे होते आणि पत्रिकेतल्या घटीही खऱ्या होत्या. सॉफ्टवेअरने मात्र पावणेबारा ही प्रमाणवेळ धरली, कारण त्याला दुसरे काही सांगणारे कोणी नव्हते. १९४२ ते १९४५ या युद्धकाळात जन्मलेल्यांची पंचाईत याहून मोठी. तेव्हा देशाची घड्याळे सप्टेंबर १९४२ पासून ऑक्टोबर १९४५ पर्यंत आणखी तासभर पुढे केलेली होती.

मी बारा तेवीस घातले आणि नवमांश लग्न जुन्या कागदावर जाऊन बसले. क्षणभर आनंद झाला. मग लक्षात आले की षष्ट्यंशाबद्दल मी काहीच बोलू शकत नाही. सूर्योदय म्हणजे बिंबाची कड दिसली तो क्षण की मध्य क्षितिजावर आला तो? यातच दोन-तीन मिनिटे जातात. सुइणीने बाळ हातात घेतले तेव्हा घड्याळाकडे कोणी आणि केव्हा पाहिले? पत्रिका करणाऱ्याला याची जाणीव असावी. त्याने राशी आणि नवमांश एवढ्या दोनच कुंडल्या मांडल्या होत्या. शेवटी कोणते पंचांग वापरले ते लिहिले होते, आपले गाव लिहिले होते, आणि त्याखाली, वाण्याच्या हिशेबाखाली असते तसे, 'चू. भू. द्या. घ्या.'

काम परत देताना मी कंपनीला एक सूचना केली. प्रत्येक वर्गकुंडलीखाली बारीक अक्षरांत एक ओळ छापावी : पद्धत कोणती, अयनांश कोणता, वेळ कोणत्या घड्याळाची आणि ती किती मिनिटे इकडेतिकडे झाली तर ही कुंडली बदलेल. भाषांतरित पुस्तकाच्या सुरुवातीला आम्ही कोणती आवृत्ती घेतली ते सांगतो, तेवढेच. उत्तर नम्र होते. ग्राहकांना गोंधळात टाकणाऱ्या गोष्टी दर्शनी भागात नकोत. पद्धत आणि अयनांश यांची ओळ छापील प्रतीच्या शेवटच्या पानावर घेऊ, मिनिटांचे राहू द्या. त्या शेवटच्या पानासाठी मराठी मजकूर मीच लिहून दिला. ओळीच्या अखेरीस चार अक्षरांची जागा उरली होती, तिथे चू. भू. द्या. घ्या. टाकले. अजून कोणी काढलेले नाही.

आईने नव्या कागदांतली पहिली दोन पाने ठेवून घेतली, जुन्या पत्रिकेच्या घडीत. बाकीच्या चौदा कुंडल्यांच्या पाठकोऱ्या कागदांवर ती सध्या वाणसामानाची यादी लिहिते.